सुतकातलं मत

गरिबांच्या मतांबद्दल शहाणी माणसं बोलायला लागली की मी तिथून उठते. परवाही उठले. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत बाकावर निवृत्त मंडळी बसली होती. त्यातले एक जण म्हणाले, "वस्तीतली माणसं म्हणजे मेंढरं हो, एक वळलं की सगळी वळतात." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं आता वय झालंय, त्यामुळे मी मध्येच उठले तरी कुणाला राग येत नाही, गुडघे दुखत असतील असं म्हणतात. गुडघे दुखतातच, पण परवा मला राग आला होता.

कारण मी त्याच कळपातली. दापोडीला रुळांच्या अलीकडे आमची गल्ली होती, कुडाच्या भिंती आणि वर पत्रा. चाकण, खेड, सातारा अशा ठिकाणांहून आलेली माणसं, पुरुष सगळे खडकीच्या नाहीतर आसपासच्या कारखान्यांत. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा मला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं आणि भाकरी धड थापता येत नव्हती. दोन्हीवरून मला सारखंच चिडवत. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चाकणकडच्या शेतकऱ्याघरच्या. त्या लवकर विधवा झाल्या होत्या आणि गल्लीतल्या बायकांत त्यांचा शब्द चाले.

पुरुषांत शब्द चाले तो, सगळी गल्ली ज्यांना मामा म्हणे, त्यांचा. ते कारखान्यात फिटर, गल्लीत सगळ्यांत जुने. निम्म्या गल्लीला त्यांनीच कामाला चिकटवलं होतं, आमच्या ह्यांनाही. त्यांची बायको, मामी, गल्लीची सुईण. दवाखाना लांब होता आणि तिथल्या नर्सबाईची जीभ फार तिखट होती, त्यामुळे गल्लीतलं प्रत्येक पोर मामींच्या हातावर जन्मलेलं. मामा-मामींशी वाकडं घेऊन त्या गल्लीत राहणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. तसं वैर कुणी घेतही नसे, कारण माणसं खरंच चांगली होती.

देशाची दुसरी निवडणूक आली, आणि मत देण्याची माझी पहिली वेळ. त्या काळी शिक्का नव्हता आणि बटणही नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड जायचं आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आमच्याकडे खरी चुरस दोघांत होती. एकाचं चिन्ह दिवा, दुसऱ्याचं सायकल. त्यांची नावं मी घेत नाही, दोघंही केव्हाच गेले. दिवेवाल्यानं गल्लीला नळ देण्याचा शब्द मामांना दिला होता. आमची विहीर चढावर, उन्हाळ्यात पाणी तळाला जाई आणि दोर ओढून हाताची सालटं निघत. नळासाठी आम्ही दिव्यालाच काय, चुलीतल्या लाकडालाही मत दिलं असतं.

मामांनी गल्लीची बैठक घेतली आणि सांगितलं, "आपलं एकबी मत फुटता कामा नये. फुटलं की आपली किंमत संपली." हे मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. एकट्या माणसाच्या मताला कोण विचारतो? गल्ली एकत्र गेली तर निदान दाराशी येऊन कुणी नमस्कार तरी करतो. सोसायटीतल्या त्या गृहस्थांना पाणी मिळायला कुणाशी एक व्हावं लागत नाही, म्हणून त्यांना हे कळत नाही.

त्या बैठकीला पहिल्यांदाच एका बिऱ्हाडाला बोलावलं होतं. शेवटच्या खोलीत वर्षभरापूर्वी आलेलं ते जोडपं आणि नवऱ्याची म्हातारी आई. निजामाच्या मुलखातले, म्हणून गल्ली त्यांना 'मोगलाईतले' म्हणे. तो रेल्वेच्या खडीवर कामाला. ती माझ्याच वयाची, पोटुशी, बोलायला मऊ, प्रत्येक वाक्यात 'माय' म्हणणारी. तिचं पहिलं बाळंतपण गावाकडे आडवं गेलं होतं. मूल गेलं आणि तीही जाता जाता वाचली होती. हे तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं, कारण बाकी कुणी तिच्या ओट्यावर बसत नव्हतं. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, पापडाला नाही. कुणी वाईट वागत नव्हतं, फक्त ती अजून आमच्यात मोजली जात नव्हती. मत आलं तसं मामांनी तिच्या नवऱ्याला हाक मारली आणि मामींनी जाताजाता तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "कितवा?" त्या एका शब्दानं ती किती खूश झाली होती. मला म्हणाली, "आता मला भ्या न्हाई वैनी. मामी हायेत."

आणि मग मतदानाच्या थोडे दिवस आधी तिची सासू गेली.

भरदुपारी गेली. सुट्टीचा दिवस होता, आणि गल्लीतले झाडून सारे पुरुष दिवेवाल्याच्या सभेला ट्रकमधून चिंचवडला गेले होते. घरात मयत, नवरा एकटा, बरोबर कुणी नाही. आम्ही बायका जमलो, पण बायका खांदा देत नाहीत. आता पुरुष येतील, मग येतील असं म्हणत ऊन कलायला लागलं. तिचा नवरा दाराशी नुसता उभा होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आत्याबाई शेवटी उठल्या, पदर खोचला आणि रूळ ओलांडून पलीकडे गेल्या. पलीकडच्या खोल्यांत बायकापोरं गावी ठेवून आलेली कोकणातली सडी माणसं राहत, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. त्यांच्याशी आमचा संबंध नव्हता, उलट निवडणुकीमुळे जरा तेढच होती. सायकलवाला त्यांच्या युनियनचा माणूस. आत्याबाईंनी दारं वाजवून त्यांना उठवलं. डोळे चोळत, सदरे अंगात अडकवत ती माणसं आली. "म्हातारी कोणाची?" एवढंही कुणी विचारलं नाही. त्यांनी बांबू आणले, तिरडी बांधली आणि खांदा देऊन तिला नदीवर नेलं.

ट्रक आला तेव्हा चिता विझत आली होती. मामांना मनापासून वाईट वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण वाईट वाटून झालेली गोष्ट परत येत नाही.

सुतक सुरू झालं. नवऱ्यानं अग्नी दिलेला, तो क्रियेला बसला, घराबाहेर पडेना. ती कुणाला शिवेना. सुतक फिटायच्या आतच मतदान येत होतं, आणि मामांच्या डोक्यात तिचं मत होतं. ते आमच्या दाराशी येऊन आत्याबाईंना म्हणाले, "तो न्हाई तर न्हाई, तिला तरी आणा. मताला काय सुतक नसतंय."

"व्हय का," आत्याबाई म्हणाल्या. "मग मयताला तरी कुठं मुहूर्त लागत व्हता?"

मामांची मान खाली गेली. आत्याबाईंनीच त्यांना मग मोकळं केलं. "येईल ती. मी आणते तिला," असं म्हणाल्या, आणि मामा गेले.

संध्याकाळी आत्याबाईंनी पिठलं-भाकरी घेतली आणि मला बरोबर नेलं. ताट त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं, तिनं ते उचललं. ती आत, आम्ही बाहेर. मत द्यायला यायचंय असं सांगितल्याबरोबर ती रडायला लागली. "कसं करू वं माय. माज्या सासूला ज्यानी खांदा दिला त्याची सायकल हाय. त्यानी काय मागितलं न्हाई, म्हणून तर जास्त वाटतंय. आन् दिव्याला न्हाई दिलं तर मामी माज्या दारात येतील का? मामीबिगर मी मरंल ह्या खेपेला."

"पडद्याआड कोण बघतंय?" मी म्हणाले. मला वाटलं, मोठा शहाणपणा सांगितला.

"म्या बघते की," ती म्हणाली. "आन् कुणी इचारलं तर खोटं बोलाया मला येत न्हाई. सुतकात तर न्हाईच न्हाई."

हे मात्र खरं होतं, तिला खोटं बोलता येत नसे. चेहऱ्यावर सगळं उमटायचं. आमच्याकडे आहेर जसा फिरवायचा असतो, ज्यानं आपल्याला दिलं त्याला आपणही देऊन मोकळं व्हायचं, तसं तिला त्या माणसांचं फेडायचं होतं. आणि फेडायला तिच्याजवळ काय होतं? तेवढा एक कागदच. मला तिची फार दया आली. दोन्हीकडचं बरोबर होतं आणि मत एकच होतं.

आत्याबाईंनी भलतंच विचारलं, "तुमच्याकडं सुतकात देवाला दिवा लावत्यात का गं?"

"न्हाई वं माय. दिव्याला शिवतबी न्हाई. हळद-कुकू तर लांबच."

"आमच्याकडंबी तसंच हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या. मला वाटलं, विषय टाळला म्हाताऱ्या माणसानं.

मतदानाच्या सकाळी गल्ली लग्नाला निघावी तशी निघाली. ठेवणीतली लुगडी नेसून आम्ही बायका पुढे. सुतकातली ती सगळ्यांच्या मागून, मध्ये अंतर ठेवून, एक हात कमरेवर घेऊन चालत होती. शाळेच्या दाराशी आत्याबाईंनी मला रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं, आणि पदराच्या गाठीतून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. "हळद-कुकू हाय. दिव्याच्या पेटीला लाव. सवाष्ण हायेस, पहिलं मत हाय तुझं. दिव्यापुढनं तसंच जाऊ नये."

मला ते योग्यच वाटलं. पडद्याआड बाकावर पेट्या मांडलेल्या. दिव्याच्या चित्राला मी हळद लावली, कुंकू लावलं, नमस्कार केला आणि माझा कागद त्याच पेटीत टाकला. नळासाठी, गल्लीसाठी, आणि मामांनी आमच्या ह्यांना कामाला लावलं होतं म्हणून. आज पुन्हा ती वेळ आली तरी मी तेच करेन. माझ्यामागून गेलेल्या बायकांनी माझं कुंकू पाहिलं, मग त्यांनीही आपापल्या कपाळावरच्या कुंकवाचं बोट दिव्याला टेकवलं. एकीनं वेणीतलं फूल वाहिलं. मामींनी तर पेटीपुढे पदर पसरला होता म्हणे.

शेवटी तिची पाळी आली. टेबलामागच्या साहेबानं कागद पुढे केला तशी ती मागे सरली. "खाली ठिवा साहेब. मला शिवू नका, सुतक हाय. तुमाला अंघूळ पडंल." साहेबाला आधी कळेना. कळलं तेव्हा त्यानं निमूटपणे कागद जमिनीवर ठेवला आणि तिनं तो उचलला. पण बोटाला शाई लावायची होती. त्यावरून ती पुन्हा अडली. भला माणूस होता. शाईची काडी लांबून धरत म्हणाला, "मी नाही शिवत बाई, काडी शिवतेय." सगळी रांग हसली, तीही पदराआड हसली. बोट पुढे केलं, शाई लावून घेतली आणि ती पडद्याआड गेली.

ती पटकन बाहेर आली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, म्हणजे ओझं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळं बाहेर आलं. सुतक असलेल्या घरानं विहिरीला दोर लावायचा नाही, दुसऱ्यानं वरून पाणी घालायचं, अशी रीत. त्या दिवशी तिच्या हंड्यात मामी पाणी घालत होत्या. कुणीतरी सहज विचारलं, "मग, दिलंस का न्हाई दिव्याला?"

मी डोळे मिटून घेतले. तिला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं.

"न्हाई," ती सरळ म्हणाली. "दिव्याला हळद-कुकू व्हतं, फूल व्हतं. म्या सुतकात, शिवू कशी? मग बाजूच्या सायकलीत टाकला कागद."

मामींनी हातातली तिरपी कळशी सरळ केली, पाण्याची धार थांबली. मामांचं एक मत फुटलं होतं, आणि तेही मामींसमोर, विहिरीवर, सगळ्यांच्या देखत. ती हंड्यावर वाकून वाट बघत होती. माझी नजर तिच्या पोटावरून हलेना. आत्याबाई शेजारी दोर गुंडाळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मग धार परत सुरू झाली.

"बरं केलंस," मामी म्हणाल्या. "सुतकात दिव्याला शिवली असतीस तर म्या तुला शिवले नसते." आणि हंडा काठोकाठ भरून दिला.

मामांच्या कानावर गेलंच. ते दोन दिवस धुसफुसले. पण बोलणार काय? आमची गल्ली रीतीवर चालायची, आणि ती बाई रीतीनंच वागली होती. दिवेवाला निवडून आला. नळाचं विचाराल तर त्यानंतर मला दोन मुलं झाली, तरी मी चढावरूनच पाणी आणत होते.

वैशाखातल्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा आमच्याकडे धावत आला, मी मामींकडे धावले. मामा दारातच खाटेवर बसले होते. निवडणुकीपासून ते त्या बिऱ्हाडाशी एक शब्द बोलले नव्हते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं आता. विहिरीवर चार बायकांत बोलणं वेगळं आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत निघणं वेगळं. पण मामी आतून आपली पिशवी घेऊनच बाहेर आल्या, मामांच्या समोरून गेल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी तापत ठेवाय सांग तुझ्या सासूला."

ह्याही वेळी मूल आडवंच होतं. आत मामी, बाहेर चुलीशी आत्याबाई, आणि मी उंबऱ्यावर. मामींचा आवाज येत होता, कधी रागावल्याचा, कधी लेकीला समजवावं तसा. तिचा आवाज येईनासा झाला तेव्हा मी फार घाबरले. आत्याबाई चूल फुंकत होत्या, पण चूल चांगली पेटलेली होती.

मग पोर रडलं. मुलगी होती, आणि आईही जिती होती.

मामी बाहेर आल्या, हात कोपरापर्यंत माखलेले. मी तांब्यानं वरून पाणी घालत होते आणि त्या हात चोळत होत्या. दमल्या होत्या. माझ्याकडे न बघताच हळू म्हणाल्या, "पुढल्या मताला समद्याच पेट्यांना कुकू लाव. एकीलाच लावलंस तर कुणाच्याबी ध्यानात यील."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. ती पुडी, ते रांगेत पुढे उभं करणं, उंबऱ्यावरचा तो भलताच प्रश्न, सगळं तेव्हा मला कळलं. आणि मामींना ते विहिरीवरच कळलं होतं. धार थांबली होती, ती तेवढ्यासाठी.

"दिव्याला न्हाई तर काय सायकलीला कुकू लावायचं?" आत्याबाई चुलीकडे बघत म्हणाल्या.

"व्हय तर," मामी म्हणाल्या. हात पुसले. खाटेवर मामा बसलेले तिथून दिसत होते. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मामी मला म्हणाल्या, "वाटीत गूळ घे अन् रुळापलीकडं जाऊन ये. म्हणावं, तुमी खांदा दिलेल्या म्हातारीला नात झाली. आधी त्यांचं तोंड गोड कर, मग गल्लीचं."

मामांनी ह्या वेळी तोंड फिरवलं नाही. मी गूळ घेतला आणि निघाले. पलीकडची माणसं रात्रपाळी करून झोपली होती, मी दारं वाजवून त्यांना उठवलं.